आणि? किंवा? पायथनमधला घोळ

पाटीपेन्सिल: अकरावीच्या पोरांना पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते. सराव दिला, "दुकान सोमवारी आणि गुरुवारी बंद असतं, आज उघडं आहे का ते सांगणारा प्रोग्रॅम लिहा". बऱ्याच जणांनी बंदची अट म्हणून वार == "सोमवार" अँड वार == "गुरुवार" लिहिलं. आता एकाच दिवशी दोन वार कुठून येणार, म्हणजे दुकान कायम उघडं. अँडऐवजी ऑर (किंवा) पाहिजे तिथे. पण "सोमवारी किंवा गुरुवारी बंद" लिहिलं तर मालकाच्या लहरीवर आहे असं वाटतं. वाक्य कसं करू?

खवचट: आपण 'आणि' लावून सुट्ट्यांची यादी सांगतो, कोड आजचा एकच वार हातात धरून विचारतो. "आज सोमवार किंवा गुरुवार असेल तर बंद" लिहा, मिटलं.

नारळीभात: कुठलं मिटतंय, मग पोरं बोलतो तसंच वार == "सोमवार" ऑर "गुरुवार" लिहितात आणि दुकान रविवारीपण बंद 😀 नुसतं "गुरुवार" ही रिकामी नसलेली स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर), पायथन ती खरीच धरतं. वार इन ("सोमवार", "गुरुवार") शिकवा सरळ, म्हणजे वार या यादीत आहे का.

जुनाजाणता: मूळ बघा जरा. किम् + वा = किंवा, म्हणजे पोटात प्रश्न आहे, दोनातलं एकच. इथे 'अथवा' हवं. आणि अँड, ऑरसारख्या ऑपरेटरला 'कारक' म्हणायला काय होतं?

खवचट: काका, कारक व्याकरणात आधीच कामाला आहे. आणि एकच निवडायला आपल्याकडे 'की' आहे, चहा की कॉफी. "दूध किंवा साखर संपली तर सांग" म्हटल्यावर दोन्ही संपलं तर गप्प बसायचं का?

नारळीभात: मला त्याहून 'वरील' छळतं. "१८ वर्षांवरील" म्हणजे १८ पेक्षा जास्त का १८ धरून? मतदानाचं वय २१ वरून १८ झालं तरी घटनेच्या कलम ३२६ मध्ये १८ पेक्षा कमी नसावं अशाच अर्थाची भाषा आहे. म्हणजे कोडमध्ये नॉट वय < १८. भांडणच नाही.

पाटीपेन्सिल: 'पर्यंत' पण घ्या मग. आकडे ओळीने देणारं रेंज(१, १०) म्हणजे "१ ते १० पर्यंत" सांगावं तर ९ लाच थांबतं.

सातारकर: म्हणजे पुण्यापर्यंतचं तिकीट काढून शिवाजीनगरलाच उतरायचं होय

जुनाजाणता: 'ते' आणि 'पर्यंत' एकत्र ही द्विरुक्ती. कुठलंतरी एक लिहा.

सातारकर: आमच्यात दहापतुर म्हणतात, त्यात दहावा धरलेला असतो, कुणालापण विचारा

जुनाजाणता: पतुर हे पर्यंतचंच घासलेलं रूप असणार.

सातारकर: घासलेलं म्हणा, अशुद्ध म्हणू नका म्हणजे झालं