पैसे गेल्यावर आलेला रिव्ह्यू कुणाच्या कामाचा?

महात्मानगरकर

मोठ्या गेमचे रिव्ह्यू नेमके कधी यावेत, यावर नाशिकच्या मंडळींची मतं हवी आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. गेम विकायला येण्याच्या आधी आले पाहिजेत, आणि आधी म्हणजे आदल्या रात्री नव्हे. प्रीऑर्डर, म्हणजे गेम येण्याआधीच पैसे भरून केलेली मागणी, रद्द करायला सवड मिळेल इतके आधी.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कंपनी रिव्ह्यू लिहिणाऱ्यांना गेम अगोदर देते आणि अट घालते की अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत एक अक्षर छापायचं नाही. हा एम्बार्गो. त्याला माझा विरोध नाही. उलट त्यामुळे सगळ्यांना सारखा वेळ मिळतो, पहिला नंबर लावायच्या नादात कुणी अर्धवट खेळून लिहीत नाही. पण हीच वेळ विक्रीच्या पुढे ढकलली की हेतूच बदलतो. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ अमेरिकेत ११ नोव्हेंबर २०१४ ला विक्रीला आला आणि रिव्ह्यूंना मोकळीक मिळाली ती त्याच दिवशी तिथल्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने दुपारी १२ वाजता, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला. तोवर लोक विकत घेऊन खेळायलाही बसले होते. पीसीवर काहींना पात्रांच्या चेहऱ्यावरची कातडीच गायब झालेली, नुसते डोळे आणि दात दिसत होते. आणि ज्यांनी गेम आधी खेळला होता त्यांच्या तोंडाला कुलूप.

पीएस५ चा, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ५ चा, नवा मोठा गेम आपल्याकडे पाच हजारांच्या घरात जातो. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, निदान १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. प्लेस्टेशनच्या स्टोअरवर डाउनलोड सुरू केलं की तो रस्ता जवळपास बंदच. अशा वेळी माहिती आधी मिळणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे असं मी मानतो.

सातपूरचा पीसीवाला

राग पटतो, उपाय पटत नाही. विक्रीआधीचा रिव्ह्यू तुम्ही विकत घेणार आहात त्या गेमचा असतोच कुठे? २०१३ च्या मार्चमधला ‘सिमसिटी’ बघा. खेळायला इंटरनेट सतत लागायचं. रिव्ह्यू लिहिणारे खेळले तेव्हा सर्व्हरवर मोजकी माणसं. पॉलिगॉन या गेमच्या वेबसाइटने दहापैकी ९.५ गुण दिले. विक्री सुरू झाली, सर्व्हर कोसळले, लोकांना आतच शिरता येईना. मग त्याच पॉलिगॉनने गुण ८ केले आणि नंतर थेट ४. आता सांगा, ९.५ वाचून ज्याने पैसे भरले त्याला आधी आलेल्या रिव्ह्यूचा काय उपयोग झाला?

आणि ‘सायबरपंक २०७७’? गेम १० डिसेंबर २०२० ला आला, रिव्ह्यू तीन दिवस आधी. तुमच्या नियमात चोख बसणारा. सगळीकडे वाहवा. पण प्लेस्टेशनवर नीट चालेना म्हणून पुढच्याच आठवड्यात सोनीने तो स्टोअरवरून काढून टाकला, तो परत आला जून २०२१ मध्ये. मी तर म्हणतो, रिव्ह्यू विक्रीनंतर आठवड्याने यावेत, खऱ्या सर्व्हरवर, खऱ्या गर्दीत, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गेमचे.

महात्मानगरकर

सायबरपंकचं उदाहरण माझ्या बाजूने जातं, दादा. तिथे तारीख बरोबर होती, पण गेम दिला फक्त पीसीचा. पीएस४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या मशीनवरचा विक्रीआधी दाखवलाच नाही. वर अट अशी की व्हिडिओत स्वतः खेळलेलं काही दाखवायचं नाही, कंपनीने दिलेली दृश्यंच वापरायची. म्हणजे ज्या मशीनवर गेम रडत होता तेच मशीन झाकून ठेवलं. झाकलेलं उघडायला लावलं पाहिजे. तुम्ही तर म्हणताय सगळंच आठवडाभर झाकून ठेवू.

आणि आठवड्याने आलेला रिव्ह्यू म्हणजे वरातीमागून घोडं. मोठ्या गेमची सगळ्यात जास्त विक्री पहिल्या दिवसांतच होते, कंपनीला ते पक्कं माहीत असतं.

नाशिकरोडचा गेमवाला

मी मराठीत गेमचे व्हिडिओ करतो, चॅनल लहान आहे, नाव सांगत नाही. तुम्ही दोघंही ज्या रिव्ह्यूंबद्दल बोलताय ते सगळे इंग्रजी आहेत. मला आजवर एकाही कंपनीने गेम आधी दिलेला नाही आणि मागायचा कुठे हेही नीट कळत नाही. मी स्वतः विकत घेतो. शंभर जीबीच्या वरचा गेम असला की रात्रभर डाउनलोड लावून ठेवायचं, मध्येच लाइट गेली नाही तर सकाळी हातात. विक्रीआधीचाच रिव्ह्यू खरा असं एकदा ठरलं की मराठी रिव्ह्यू कायमचा शिळा. कुणी बघणारच नाही.

पण शिळा असूनही त्यात काय असतं ते सांगतो. माझ्याकडे जीटीएक्स १६५० या साध्या ग्राफिक्स कार्डाचा लॅपटॉप आहे, माझ्या बहुतेक प्रेक्षकांकडे त्याच्या आसपासचंच काहीतरी. हल्लीचा मोठा गेम पहिल्यांदा उघडला की शेडर, म्हणजे चित्र रंगवायचे छोटे प्रोग्राम, तयार करत बसतो, पट्टी हळूहळू सरकते, पंखा घोंघावतो, पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. तो वेळ स्टीमच्या त्या दोन तासांतूनच कापला जातो. मग पात्राचं नाक-डोळे ठरवा, मग शिकवणीचा बंदिस्त टप्पा, तिथे फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, छान मिळतात. खरी कसोटी गेममधल्या पहिल्या गजबजलेल्या बाजारात. तिथे चित्र अडकायला लागतं तेव्हा दोन तास उलटून गेलेले असतात. महागड्या कार्डावर गेम खेळून आधी लिहिणाऱ्याला हा बाजार अडकतो हे दिसतच नाही. म्हणून मला तारखेपेक्षा मशीनची काळजी जास्त.

एम. जी. रोडवरून

माझं जुन्या-नव्या डिस्कचं दुकान आहे. महात्मानगरकरांच्या बाजूने बोलतो, पण कारण वेगळं. वितरकाला किती डिस्क हव्यात हे आम्हाला विक्रीच्या बऱ्याच आधी सांगावं लागतं. तेव्हा हाताशी फक्त ट्रेलर. गेम फसला की आठवड्याभरात गिऱ्हाईक तीच डिस्क परत घेऊन येतं आणि म्हणतं, काका, किती द्याल? त्याला वाटतं निम्मे तरी मिळतील. तोवर सगळ्यांनी रिव्ह्यू वाचलेले असतात, मग मी ती घेऊन विकू कुणाला? पोराचं तोंड उतरतं, मला वाईट वाटतं, पण मलाही घर चालवायचं आहे. रिव्ह्यू आधी आला असता तर ते पोर थांबलं असतं आणि माझीही ऑर्डर कमी गेली असती.

देवळालीची, सध्या पुण्यात

मी गेम टेस्टिंगमध्ये काम करते, म्हणून आतली बाजू सांगते. डिस्कवर जाणारा गेम विक्रीच्या कितीतरी आठवडे आधी पक्का करावा लागतो. काम तिथे थांबत नाही, उरलेले बग, म्हणजे दोष, पहिल्या दिवसाच्या पॅचसाठी, म्हणजे डाउनलोड करायच्या दुरुस्तीसाठी, काढत राहतात. त्यामुळे रिव्ह्यूसाठी गेम पाठवताना बरोबर यादी जाते: हे हे दोष आहेत, विक्रीच्या दिवशी निघतील. काही निघतात, काही नाही निघत. लिहिणाऱ्याने त्या यादीवर विश्वास ठेवायचा का? माझं स्पष्ट मत, ठेवू नये. जे दिसलं ते लिहावं. आम्ही मनापासून काम करतो, तरी वचनाला गुण द्यायचे नसतात.

वेळेचं म्हणाल तर ‘बाल्डर्स गेट ३’ आठवा, ऑगस्ट २०२३. गेम अवाढव्य आणि रिव्ह्यूसाठी तो मिळाला विक्रीच्या जेमतेम काही दिवस आधी. अनेक मोठ्या साइट्सनी त्या दिवशी गुण दिलेच नाहीत. इतकं खेळलो, इतकं दिसलं, बाकीचं नंतर, एवढंच लिहिलं. मला तो प्रामाणिकपणा फार आवडला. गुण नंतर द्या, पण तांत्रिक अवस्था काय आहे ते विक्रीआधी सांगा. त्याला शंभर तास लागत नाहीत.

सातपूरचा पीसीवाला

हे पटण्यासारखं आहे, पण मग गुण नसलेला रिव्ह्यू वाचणार कोण? लोक आकडा बघतात आणि पुढे जातात. शिवाय उशीर म्हणजे काहीतरी लपवलंय, हा हिशेबही दर वेळी जुळत नाही. २०१६ चा ‘डूम’ रिव्ह्यूवाल्यांना विक्रीच्या अगदी तोंडावर मिळाला. सगळ्यांनी नाकं मुरडली, आणि गेम अफलातून निघाला.

महात्मानगरकर

आणि त्याच ‘डूम’चा दाखला देऊन तो विकणाऱ्या बेथेस्डा कंपनीने २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये धोरणच जाहीर केलं की यापुढे रिव्ह्यूसाठी गेम एकच दिवस आधी मिळेल. पुढच्याच महिन्यात ‘डिसऑनर्ड २’ आला आणि पीसीवर अडखळत चालला, पॅच काढावे लागले. एक चांगला गेम निघाला म्हणून दार बंद करायची मुभा मिळत नाही. चांगल्या गेमला लपवायची गरजच काय?

इंदिरानगरची आई

मी गेम खेळत नाही. मुलगा अकरावीत आहे, प्रीऑर्डर केली तर गेममधल्या पात्राला एक चिलखत फुकट मिळतं म्हणून मागे लागलाय. पैसे त्याने स्वतः साठवलेत, त्यामुळे नाही म्हणायला जीभ रेटत नाही. काय सांगू त्याला?

देवळालीची, सध्या पुण्यात

काकू, ते चिलखत गेममध्ये थोडं पुढे गेलं की बहुतेकदा निरुपयोगी होतं, त्याहून चांगलं मिळतं. त्याला दोन गोष्टी शोधायला सांगा: रिव्ह्यू कोणत्या तारखेला खुले होणार, आणि ते त्याच्याच मशीनवर खेळून लिहिलेत का. अकरावीतलं पोर हे चुटकीसरशी काढेल. उत्तर मिळेपर्यंत पैसे त्याच्याचकडे राहू द्या.

नाशिकरोडचा गेमवाला

एक बाजू राहून जातेय. हे सगळं मोठ्या गेमचं झालं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये आला, तसल्या छोट्या स्टुडिओकडे जाहिरातीला पैसा नसतो. त्यांच्यासाठी विक्रीच्या दिवशी चार ठिकाणी रिव्ह्यू झळकणं हीच जाहिरात. सातपूरकर, सगळ्यांनी आठवडाभर थांबायचं ठरवलं तर हे लोक त्या आठवड्यातच विस्मरणात जातील.

सातपूरचा पीसीवाला

छोट्यांसाठी सूट द्यायला मी तयार आहे. पाच हजारवाल्यांसाठी नाही. माझा आठवडा कायम.

नाशिकरोडचा गेमवाला

ठीक. मग मी माझ्याकडून एवढं करतो: पुढच्या व्हिडिओत बडबड नंतर, आधी गजबजलेला बाजार, फ्रेमचा आकडा कोपऱ्यात चालू ठेवून. तोही विक्रीच्या रात्रीच टाकेन, पूर्ण मत नंतर. माझ्याकडे १६५० आहे. आठ जीबी रॅमवर खेळणारं नाशिकमध्ये कुणी असेल तर इथे लिहा, त्याच रात्री तुमच्या मशीनवरचाही आकडा हवा आहे.