मुलगी बोईसरला आहे. भोंगा वाजला तर तिने नेमकं काय करायचं?

कर्वेनगरकरीण:
नमस्कार मंडळी. माझी मुलगी नुकतीच तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे दर्जा तपासणीला, लागली. मैत्रिणींबरोबर बोईसर स्टेशनजवळ फ्लॅट घेतलाय, डब्याची सोय झाली, सगळं मार्गी लागलं. पण तिच्या बाबांनी परवा मोबाइलवर नकाशा मोठा करून तारापूरचं अणुवीज केंद्र कुठे आहे ते दाखवलं आणि माझी झोप उडाली. ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षणाच्या मॉक ड्रिलच्या यादीत मुंबई, उरण आणि तारापूर पहिल्या, म्हणजे सर्वात संवेदनशील वर्गात होते, पुणे दुसऱ्या, हे तेव्हा नुसतं वाचून सोडून दिलं होतं.

मला एवढंच कळायला हवंय: तिथे भोंगा झाला तर तिने मिळेल त्या गाडीने पुण्याला निघायचं का? जाऊबाई म्हणतात आयोडीनच्या गोळ्या ऑनलाइन मागवून तिच्या पर्समध्ये ठेव. ते बरोबर आहे का? आणि सरकारी अलर्ट मला इथे येईल का? लेक म्हणते, "आई, तू पुण्यातली पावसाची बातमी बघ." तिला विचारण्यात अर्थ नाही, म्हणून इथे विचारतेय.

वारजे_निवृत्त:
ताई, महसूल खात्यात होतो, तिकडच्या किनाऱ्यावर नोकरी झाली, त्यामुळे अणुकेंद्राचं ड्रिल आतून पाहिलंय.

पहिलं म्हणजे, निघायचं नाही. घरात जायचं. दारं-खिडक्या लावायच्या, एसी आणि एक्झॉस्ट फॅन बंद करायचा, बाहेरून आलेले कपडे काढून पिशवीत बांधायचे, अंघोळ करायची आणि रेडिओ-टीव्ही-फोन चालू ठेवायचा. सिमेंटच्या इमारतीत, भिंतींच्या आत, बाहेरच्यापेक्षा किरणोत्सार पुष्कळ कमी पोचतो. रस्त्यावर गाडीत अडकलेल्या माणसाला ती सोय नाही.

आता यंत्रणा. केंद्राची आणीबाणी तीन पायऱ्यांची असते: प्लांटपुरती, आवारापुरती आणि आवाराबाहेरची. पहिल्या दोन केंद्रवाले स्वतः निस्तरतात. तिसरीत जिल्हाधिकारी प्रमुख. केंद्र त्यांना सांगतं आणि लोकांना काय करायचं ते जिल्हा प्रशासन सांगतं. आराखडा १६ किलोमीटरच्या वर्तुळाचा असतो, बोईसर त्यात येतं. या वर्तुळासाठी दर दोन वर्षांनी एकदा आवाराबाहेरचं ड्रिल घ्यावं लागतं.

ड्रिलमध्ये काय होतं? एखादं गाव निवडतात. तलाठी, पोलीस पाटील, आरोग्य केंद्राची माणसं, एसटीच्या गाड्या, रिक्षावर भोंगा लावून दवंडी. घरोघरी माणसं मोजून रकाने भरतात. एका ड्रिलला एका आजीने तलाठ्याला विचारलं, "माझ्या म्हशीचं काय?" फॉर्मात म्हशीचा रकाना नव्हता. तलाठी माझ्याकडे बघतो, मी साहेबांकडे. आजी काही उठल्या नाहीत, आणि माझ्या मते त्या दिवशीचा सर्वात कामाचा प्रश्न त्यांचाच होता. जनावरं सोडून माणूस निघत नाही हे खेड्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही, आराखड्याला मात्र सांगावं लागतं.

वेळ किती मिळतो? जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्राचा अपघात घ्या. तिथे ११ मार्च २०११ ला दुपारी पावणेतीनला भूकंप झाला. ३ किलोमीटरचा परिसर रिकामा करायचा आदेश रात्री सव्वानऊनंतर निघाला, १० किलोमीटरचा दुसऱ्या दिवशी पहाटे, २० चा त्या संध्याकाळी. आणि तिथल्या हलवाहलवीत इस्पितळांतले, वृद्धाश्रमांतले म्हातारे रुग्ण बसमध्ये, रस्त्यात दगावले. पळणं फुकट नसतं. म्हणून आदेश येईपर्यंत घरात, आणि आला की तो सांगेल त्याच रस्त्याने.

नारायणपेठी:
पुण्याला येऊ नका. पार्किंग नाही.

वारजे_निवृत्त:
@नारायणपेठी, हे तुम्ही विनोदाने म्हणताय, पण वाहतूक पोलीसही तेच म्हणतील.

टिळकरोड_केमिस्ट:
गोळ्यांबद्दल. ही पोटॅशियम आयोडाइडची गोळी, मोठ्या माणसाला १३० मिलिग्रॅम. काम एकच: थायरॉइड साध्या आयोडीनने आधीच भरून टाकायची, म्हणजे अपघातात केंद्रातून बाहेर पडणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनला तिथे जागा उरत नाही. बाकी कुठल्याही किरणोत्साराला ती अडवत नाही. हवा दूषित होण्याच्या जरा आधी किंवा नंतर काही तासांतच तिचा उपयोग. उगाच घाबरून आदल्या आठवड्यात घेतली तर वाया. लहान मुलांना सर्वात गरज, चाळिशीपुढच्यांना फायदा कमी. थायरॉइडचा त्रास किंवा आयोडीनची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. सांगितल्याशिवाय घ्यायची नाही, आणि ते सांगणं प्रशासनाचं काम. तिथे वाटायची वेळ आली तर तेच वाटतात.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते: जखमेवर लावायचं आयोडीन कुणी पिऊ नका. आणि मीठही फाकू नका. २०११ मध्ये चीनमध्ये लोकांनी मिठाची दुकानं रिकामी केली होती. आपल्याकडे आयोडीनयुक्त मिठात दुकानापर्यंत पोचताना किमान १५ पीपीएम, म्हणजे किलोमागे १५ मिलिग्रॅम, आयोडीन हवं असा नियम आहे. त्या हिशोबाने एका गोळीतल्या साधारण १०० मिलिग्रॅम आयोडीनला साडेसहा किलोच्या वर मीठ खावं लागेल. थायरॉइडच्या आधी बीपीच उरकेल.

गोळीपेक्षा दुधाकडे लक्ष द्या. चेर्नोबिलनंतर मुलांच्या थायरॉइडचं जे झालं ते मुख्यतः दूषित गवत खाल्लेल्या गाईंच्या दुधातून. किरणोत्सारी आयोडीन दर ८ दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे काही आठवडे ताजं सुटं दूध बंद, दुधाची पावडर चालू. मुलीच्या फळीवर एक पुडा असू दे, चहालाही होईल.

औंधचा_बाप:
अलर्टचा अनुभव. मुलगा टोरोंटोला असतो. १२ जानेवारी २०२०, रविवारी सकाळी सव्वासातनंतर त्याचा फोन किंचाळला: (टोरोंटोजवळच्या) पिकरिंग अणुकेंद्रात घटना घडली आहे, किरणोत्सार बाहेर पडलेला नाही, काही करायची गरज नाही. पूर्ण ओंटारियो प्रांताला गेला तो मेसेज. प्रशिक्षणाच्या वेळी चुकून सुटला होता. चूक झाली हे कळवणारा दुसरा मेसेज यायला पावणेदोन तास गेले! सून गाडीत नातवाला बसवून तयार, मुलगा म्हणतोय कुठे जायचं ते तरी ठरव. पुढच्या दोन दिवसांत तिकडे आयोडीनच्या गोळ्यांची मागणी हजारांनी आली.

मला कळलं ते असं की मेसेज नुसता घाबरवून थांबला तर लोक आपापलं ठरवतात. आपल्याकडे खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेक सोडले असं सांगतात. सिंहगड रोडच्या तळमजल्यावरच्या माणसाने त्याचं काय करायचं? "पार्किंगमधली गाडी आत्ता काढा, वरच्या मजल्यावर जा" असं लिहा ना.

कर्वेनगरकरीण:
सगळ्यांचे आभार. काल लेकीशी बोलले. ती म्हणाली, कंपनीचा स्वतःचा भोंगा आहे आणि शेजारच्या कंपन्यांचेही. मग कुठला कसला ते ओळखायचं कसं? काका, ती म्हणते गॅसचं ट्रेनिंग झालंय, अणूचं नाही.

वारजे_निवृत्त:
लेक हुशार आहे. खरं सांगायचं तर तिला गरज पडलीच तर ती बहुधा गॅसच्या ट्रेनिंगचीच पडेल. एमआयडीसीत वायुगळती मिनिटांत अंगावर येते, अणुकेंद्राच्या बाबतीत सहसा तास मिळतात. कंपनीच्या आवारात पट्टेरी वाऱ्याची पिशवी टांगलेली असते. गळती झाली तर वारा कुठून कुठे जातोय ते बघून त्याला आडवं निघायचं, वाऱ्याबरोबर कधीच नाही. फ्लॅटमध्ये असेल तर पुन्हा तेच, खिडक्या बंद.

भोंग्याचं: नागरी संरक्षणाचा चढ-उताराचा सूर म्हणजे धोका, एकसारखा लांब म्हणजे धोका टळला. कंपन्यांचे संकेत वेगळे असतात, ते तिच्या सेफ्टी ऑफिसरकडून कागदावर लिहून घ्यायला सांगा. फोनच्या सेटिंगमध्ये वायरलेस इमर्जन्सी अलर्ट चालू आहेत का तेही बघू दे, बऱ्याच जणांनी २०२३ च्या चाचण्यांच्या वेळी दचकून बंद केलेत. ते अलर्ट मोबाइल टॉवरच्या हद्दीप्रमाणे जातात, म्हणून तुम्हाला कर्वेनगरला येणार नाही. तिने तुम्हाला "घरात आहे" एवढा एक एसएमएस करायचा, कॉल नाही, त्या वेळी लाइन तुंबलेल्या असतात. आणि तुम्हीही लगेच फोन लावत बसू नका, हे जमेल का बघा.

कर्वेनगरकरीण:
शेवटचं जमणार नाही. बाकी सगळं तिला पाठवलंय, पावडरचा पुडाही.