मदत हवी आहे: ऊसतोडीला गेलेल्या मणक्याच्या रुग्णांचा फॉलोअप

बीड भागातल्या रुग्णांचा कमरेच्या डिस्क ऑपरेशननंतर ओस्वेस्ट्री स्कोअर (कंबरदुखीमुळे रोजच्या कामांत किती अडचण येते, हे मोजणाऱ्या दहा प्रश्नांच्या प्रश्नावलीचे गुण) ६ आठवडे, ३, ६ आणि १२ महिन्यांनी घ्यायचाय. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यावर जातात, परततात उन्हाळ्यात. मधल्या भेटी बुडतात. येतात ते बहुधा दुखणारेच, म्हणजे निकाल उगाच वाईट दिसणार. दुखणं किती, हे रुग्णानं खूण करून दाखवायची १० सेंटिमीटरची वेदनारेषा फोनवर दाखवता येत नाही, ० ते १० आकडाच विचारावा लागतो. दोन्ही एकत्र मोजले तर चालेल का? ओस्वेस्ट्रीतला लैंगिक संबंधांचा प्रश्न बायका सोडतात, तिथं एकूण गुण ५० ऐवजी ४५ धरून भागतो, ते ठीक. पण डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉली भरणं कुठल्या रकान्यात बसवायचं? कोयता पुन्हा कधी धरला, हे वेगळं नोंदवावं का? आणि संपर्क मुकादमामार्फतच होत असेल, तर रुग्णाची माहिती त्याच्या कानावर जाऊ नये म्हणून काय करता?