रंगांधत्व: आजोबांकडून दोन्ही नातवांकडे आले असेल का?

नमस्कार. मी परळला राहते. माझ्या वडिलांना लाल-हिरवे रंगांधत्व आहे. तरुणपणी त्यांनी लोकलच्या मोटरमनच्या जागेसाठी अर्ज केला, तेव्हा वैद्यकीय तपासणीत ते उघड झाले. आता माझ्या नववीतल्या मुलाला इशिहारा चाचणीच्या ठिपक्यांतले बरेच आकडे वाचता आले नाहीत आणि त्यानंतर भावाच्या मुलाच्या तपासणीतही तेच निघाले. 'आजोबांचेच आले' असे म्हणून घरात विषय मिटला, पण माझ्या वाचनाशी ते जुळत नाही.

लाल-हिरव्या रंगांच्या संवेदनेची जनुके क्ष गुणसूत्रावर असतात आणि मुलाला वडिलांकडून य गुणसूत्र मिळते, हे खरे असेल तर वडिलांचे सदोष जनुक माझ्याकडे येईल, भावाकडे नाही. भावाला रंग व्यवस्थित ओळखताही येतात. मग भाच्याकडे हे आले कोठून? माझ्या धाकट्या मुलीला आणि यजमानांना रंग नीट दिसतात. मुलीच्या बाबतीत पुढे काय लक्षात ठेवावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

ताई, तुमचा तर्क अचूक आहे. भाच्याच्या बाबतीत आजोबा पूर्ण निर्दोष आहेत! त्याचे क्ष गुणसूत्र आईकडून आले, म्हणजे तुमच्या वहिनी वाहक असणार. त्यांच्या एका क्ष गुणसूत्रावरचे जनुक सदोष असले तरी दुसरे काम निभावते, त्यामुळे त्यांना स्वतःला कधी काही जाणवले नसेल. त्यांचे वडील, भाऊ आणि मामा यांच्याकडे चौकशी करावी. एकाच घरात हे दोन वाटांनी यावे, याचे फार आश्चर्य वाटू देऊ नये: युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे आणि आपल्याकडे ते त्याहून कमी असले तरी दुर्मीळ म्हणण्याइतके नाही.

तुम्ही मात्र निश्चित वाहक आहात, कारण वडिलांपाशी मुलीला द्यायला ते एकच क्ष गुणसूत्र होते. प्रत्येक मुलाला रंगांधत्व येण्याची आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यता निम्मी असते, आणि आधीच्या अपत्याचे काय झाले यावर ती अवलंबून नसते. तुमच्या मुलीला वडिलांकडून निर्दोष जनुक मिळाले असल्याने ती सहसा रंगांध असणार नाही. पण ती वाहक असल्यास तिच्या मुलांपुढे हाच प्रश्न येईल, म्हणून योग्य वयात तिला हे सांगून ठेवावे.

हे सर्व लाल-हिरव्या प्रकाराला लागू आहे. निळ्या-पिवळ्या रंगांच्या जन्मजात दोषाचे जनुक सातव्या गुणसूत्रावर असते व तो मुलामुलींत सारखाच उतरतो; डोळ्यांच्या काही आजारांनी किंवा औषधांनी नंतरही रंगदोष उद्भवतो. म्हणून दोन्ही मुलांचा प्रकार नेत्रतज्ज्ञांकडून लेखी घ्यावा, आणि तुमच्या मुलाला आजोबांसारखीच रेल्वेची ओढ असेल तर दहावीनंतरची शाखा ठरण्याआधीच घ्यावा.