मदत हवी आहे : आई-बाबांसोबत चेस्टर झू

नमस्कार मंडळी, आम्ही विश्रामबाग, सांगलीचे. धाकटा भाऊ मँचेस्टरला असतो, जूनमध्ये आई-बाबांना घेऊन तिकडे जातोय. बाबांचा एकच हट्ट आहे, चेस्टरचं प्राणिसंग्रहालय बघायचंच.

कारणही तसंच आहे. पहिल्या महायुद्धात जबर जखमी झालेल्या जॉर्ज मॉटर्सहेड यांनी बायको-मुली आणि आई-वडिलांच्या साथीनं 1931 मध्ये ते सुरू केलं. गजांशिवाय प्राणिसंग्रहालय, हे त्यांचं स्वप्न. पुढे चिंपांझींसाठी पाण्यानं वेढलेली बेटं केली, म्हणजे मध्ये जाळी नाही, नुसतं पाणी! बाबांनी सागरेश्वर अभयारण्यात मोकळी हरणं पाहिलीत, तेव्हापासून पिंजऱ्यातला प्राणी त्यांना बघवत नाही. म्हणून ही ओढ.

अडचण अशी की, बाबांचे गुडघे दुखतात आणि परिसर शंभर एकरांहून मोठा. कुणी ज्येष्ठांना घेऊन गेलं असेल तर सांगा, एका दिवसात काय बघावं, काय सोडावं? हत्ती आणि चिंपांझी सोडायचे नाहीत. व्हीलचेअर तिथं मिळते का, की आधी सांगून ठेवावी लागते? चढ-उतार कितपत आहेत? मँचेस्टरहून चेस्टरपर्यंत रेल्वेनं जाऊ, पण स्टेशनवरून पुढे बस सोयीची की टॅक्सी?

आणि आईचा प्रश्न : दशम्या, भडंग आत नेऊ देतात का? ती बाहेरचं खात नाही, आणि दिवसभर उपाशी ठेवणं बरं नाही.

स्वतः जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. तिकिटं पुढच्या आठवड्यात काढायची आहेत.