गॅसचा वास आला, तेव्हा तुमचा हात आधी कुठे गेला? (अनुभव धागा)

मागच्या पंधरवड्यातली गोष्ट. पहाटे साडेपाचला चहा टाकायला उठले, स्वयंपाकघराचं दार ढकललं आणि कुजक्या कोबीसारखा वास भस्सकन नाकात शिरला. आदल्या रात्रीच नवा सिलिंडर लावला होता आणि रेग्युलेटर बंद करायचा राहिला होता (माझ्याकडूनच, उगाच कुणावर ढकलत नाही). अंधार होता, हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे गेला. बोट टेकलंसुद्धा. तेवढ्यात मागून सासूबाई कडाडल्या, "बटणाला हात लावशील तर बघ!"

पुढचं सगळं त्यांनी अंधारात माझ्याकडून करवून घेतलं. रेग्युलेटरची खुंटी फिरवून बंद, मग रेग्युलेटर उपसून दोरीला लोंबणारी पांढरी टोपी वॉल्व्हवर दाबून बसवली. सूंऽऽ थांबलं. गॅलरीचं दार सताड उघडून आम्ही तिघं जिन्याने खाली, लिफ्टने नाही. मोबाइलही खाली रस्त्यावर पोचल्यावरच काढला आणि गॅसगळतीचा १९०६ नंबर लावला. माणूस आला, वॉल्व्हमध्ये टॉर्च मारून म्हणाला, "वॉशर फाटलाय ताई." बोटाच्या पेराएवढं काळं रबर.

सासूबाईंचं माहेर लालबागचं. ६ डिसेंबर २०२० ला साराभाई इमारतीत गॅसगळतीनंतर स्फोट झाला, तेव्हापासून त्या रोज झोपताना ओट्याखाली वाकून बघतात. त्या दिवशी नेमक्या पाहुण्यांच्या गडबडीत विसरल्या. मी इतकी वर्षं या सवयीला हसायचे.

तर हा धागा तुमच्या अनुभवांसाठी. घर, हॉटेल, रस्ता, कारखाना, कुठलाही चालेल. शहाणपणाचं वागलात तर लिहाच, पण मूर्खपणा केला असेल तर आधी लिहा.

जुना बंब
तीस वर्षं महापालिकेच्या अग्निशमन दलात काढली, आता निवृत्त. वर्दी (आगीची खबर) आली की आमचा पहिला प्रश्न एकच असायचा: पेटलाय की नुसता सुटलाय? लोकांना वाटतं पेटलेला सिलिंडर जास्त भयंकर. आमचं उलट. पेटलेला गॅस कुठे आहे ते दिसतं. सुटलेला दिसत नाही. तो हवेपेक्षा जड, सुमारे दीडपट ते दुप्पट. जमिनीवर पाण्यासारखा पसरतो, मोरीत उतरतो, फ्रिजखाली जाऊन बसतो. हवेत साधारण दोन ते साडेनऊ टक्के मिसळला की ठिणगीची वाट बघत असतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर आपोआप सुरू झाला तरी पुरतं. दिवा लावणं वाईट, तसं लागलेला दिवा बंद करणंही वाईट, ठिणगी दोन्ही वेळा पडते. हे सांगून सांगून माझा घसा बसलाय. वीज तोडायची तर खालच्या मीटरपेटीतून, वास नसलेल्या जागेतून.

एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर गेलो तर रेग्युलेटरपाशी हातभर ज्वाळ आणि शेजारचे चारजण बादल्या घेऊन ती विझवायला टपलेले. मी म्हटलं, थांबा! ज्वाळ विझली आणि गॅस चालूच राहिला तर दोन मिनिटांत खोली भरेल, आणि कुठल्यातरी देव्हाऱ्यातला दिवा बाकीचं काम करेल. बारदान पाण्यात बुचकळून आणलं, पाठीमागच्या बाजूने सिलिंडरवर टाकलं, त्याच झटक्यात हात आत घालून खुंटी बंद. एका दमात. बारदान आधी आणि हात नंतर, असं करायला गेलात तर मध्ये गॅस सुटतो. शेजारी दुसरी टाकी होती, तिच्यावर लांबून पाण्याचा फवारा चालू ठेवला होता. ज्वाळ छपराला लागली असेल, किंवा टाकीच आगीत सापडली असेल, तर हे धाडस करू नका. दार ओढा, माणसं काढा, १०१.

आणि एक. पेपरात "सिलिंडरचा स्फोट" छापून येतं. मी गेलो तिथे बहुतेक वेळा भिंत पडलेली असायची, दरवाजा समोरच्या घरात गेलेला असायचा आणि सिलिंडर कोपऱ्यात जसाच्या तसा उभा. फुटलेली असायची खोली.

काडीपेटी
मूर्खपणा आधी लिहा म्हणालात म्हणून. आमचे बाबा गळती शोधायला काडी ओढून नळीवरून फिरवायचे. दर महिन्याला, अभिमानाने! "ज्योत मोठी झाली की तिथे गळती." भुवया दोनदा गेल्या. तिसऱ्यांदा आईने काडेपेटी लपवून साबणाचं पाणी हातात दिलं. फेसाचे बुडबुडे आले तर गळती, इतकं सोपं. बाबा म्हणे, "यात काय मजा?"

घाटवाली
आमचं घर मुंबई-गोवा महामार्गाला लागून, रत्नागिरी जिल्ह्यात. वळण असं की वर्षाला एखादं वाहन आमच्या आंब्यात येतंच. पण त्या रात्री आला तो गॅसचा टँकर. पांढरी लांबोडकी टाकी आडवी झालेली आणि झडपेजवळून धुक्यासारखं पांढरं काहीतरी जमिनीलगत सरकत आमच्या परसाकडे येतंय. ते पांढरं म्हणजे गॅस नव्हे, थंडीने गोठलेली हवेतली वाफ, हे मागाहून कळलं. गॅस त्या धुक्याच्याही पुढे गेलेला असू शकतो.

ड्रायव्हर शहाणा. तो पळाला नाही, म्हणजे पळाला, पण दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबवत, "इंजिन बंद करो!" ओरडत. पोलिस आले, महावितरणने वाडीची वीज तोडली आणि भोंग्यावरून एकच घोषणा: चुली विझवा, बिड्या विझवा, वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला चला. आता चूल विझवा म्हणजे काय? सासऱ्यांनी निखाऱ्यांवर हंडाभर पाणी ओतलं. गोठ्यातली गुरं सोडली. वाडीतली पन्नास-साठ माणसं अंधारात चढणीवरच्या शाळेत. माझ्या दिराला मोटारसायकल हवी होती, किक मारणार एवढ्यात पोलिसाने किल्लीच काढून घेतली. त्या शिव्या मी इथे लिहीत नाही.

बंब रात्रभर त्या टाकीवर आणि धुक्यावर पाण्याचा बारीक पडदा धरून उभा होता. सकाळी गॅस कंपनीची माणसं आली, तार जमिनीत रोवून टाकीला जोडली, म्हणजे घर्षणाची वीज उतरून जावी. मग दुसरा रिकामा टँकर लावून गॅस तिकडे वळवायचं काम. अठरा टनांच्या आसपास माल, दुपार टळली तरी संपेना. भरल्या टाकीला क्रेन लावायची नाही, हे तेव्हा समजलं. सप्टेंबर २०२२ मध्ये लांज्याजवळ अंजणारीच्या पुलावरून टँकर काजळी नदीत पडला, चालक गेला आणि महामार्ग दिवसभराहून जास्त बंद राहिला. लोक ट्रॅफिकला शिव्या घालत होते. मला मात्र त्या ओतून घेणाऱ्यांचेच हात दिसत होते.

ट्रान्सपोर्ट
घाटवाली ताई, त्या ड्रायव्हरला दंडवत. केरळात कन्नूरजवळ चाला इथे २७ ऑगस्ट २०१२ च्या रात्री टँकर उलटला, गॅस आजूबाजूच्या घरांत शिरला आणि मग पेटला. वीस माणसं गेली. जयपूर-अजमेर रस्त्यावर भांकरोट्याला २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे तेच, आधी गॅस पसरला, मग रांगेतल्या गाड्या पेटल्या. आम्ही पोरांना शिकवतो: पुढे पांढरं धुकं आणि वास दिसला की गाडी पुढे घालायची नाही, यू-टर्नही नाही. जागेवर बंद, उतर, वाऱ्याकडे तोंड करून चाल. टँकरच्या पाटीवर १०७५ (या गॅसचा ओळख-क्रमांक) लिहिलेलं असतं, ते लांबूनच वाचून फोनवर सांग. गाडीचा विमा असतो.

मांडवातला आचारी
आमच्या धंद्यातली चूक सांगतो, सगळे करतात. एकोणीस किलोची टाकी जोरात जळायला लागली की अंगावर दव धरते, खाली बर्फ दिसतो. आतला द्रव उकळून गॅस व्हायला ऊब लागते, ती ऊब टाकीच्या पत्र्यातून घेतो. मग ज्योत बसते, आणि पंगत तर मांडलेली! पोरं काय करतात, टाकी आडवी पाडतात किंवा उकळत्या पाण्याच्या टपात ठेवतात. मीही करायचो.

एका लग्नात आडवी टाकी आणि पुरीची कढई. गॅसऐवजी द्रवच नळीत आला. एका थेंबाचा अडीचशेपट गॅस. भट्टीतून ज्वाळ आली ती पुरुषभर उंच, मांडवाची झालर पेटली. माझा भाचा धावला आणि नळी हाताने उपटली. द्रव गॅस थेट पंज्यावर उडाला. कातडी पांढरी पडली, भाजल्यासारखी, पण थंडीने. त्यावर एका बाईने टूथपेस्ट लावली. डॉक्टर आधी तिच्यावर ओरडले. झालर वरातीच्या पाण्याच्या टँकरने विझली, पुऱ्या दीड तास उशिरा.

आता दोन टाक्या जोडून चालवतो, भट्टीपासून लांब, उभ्या. खर्च वाढला. भाच्याचं करंगळीचं पेर अजून बधिर आहे.

आखातातला
मी साठवण टाक्यांच्या सुरक्षेवर काम करतो, सध्या मस्कतला. जुना बंब काकांनी लिहिलं तेच आमच्याकडे मोठ्या मापात. टाकीला बाहेरून आग लागली तर पाणी ज्वाळेवर नाही, टाकीच्या वरच्या भागावर मारायचं. खालच्या भागात द्रव असतो, तो पत्र्याची उष्णता पितो. वरच्या भागात नुसता गॅस, तिथला पत्रा तापून मऊ होतो आणि फाटतो. मग आतला सगळा द्रव एका क्षणात उकळून आगीचा गोळा. फ्रान्समध्ये फेझँ इथे ४ जानेवारी १९६६ ला हेच झालं आणि मेलेल्यांत अग्निशमनवालेही होते. १९ नोव्हेंबर १९८४ ला मेक्सिकोत सान हुआनिकोला पाचशेच्या आसपास माणसं. आपल्याकडे नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात, ५ नोव्हेंबर १९९० ला, गॅस आधी सुटला आणि मग पेटला. मी पेणचा, शाळेत होतो. त्या रात्रीनंतर गावात कितीतरी दिवस कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

वासाबद्दल. गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच, मर्कॅप्टन (उग्र वासाची गंधकयुक्त रसायनं) मिसळतात. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत १८ मार्च १९३७ ला बिनवासाचा नैसर्गिक वायू तळघरात साठून स्फोट झाला, जवळपास तीनशे जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर वास घालणं सक्तीचं होत गेलं. सासूबाईंना सांगा.

पाइपवाली
आमच्याकडे आता पाइपचा गॅस आलाय. सगळे नियम तेच का?

जुना बंब
नाही. तो मिथेन, हवेपेक्षा हलका, छताला जाऊन बसतो. तुमची वरची झरोकी बुजवू नका; टाकीवाल्यांनी खालची बुजवू नये. बटणाचा नियम दोघांना एकच. आणि कुणीतरी खाली उतरून पाइपची मुख्य खुंटी कुठे आहे ते आजच बघा.

नाकवाली आजी
(नातू टाइप करतोय.) करोनानंतर आजीला वास येत नाही. दोनदा दूध उतू जाऊन बर्नर विझला, गॅस तसाच चालू, आजी शांतपणे वाती वळत बसलेली. मांजर शिंकायला लागलं म्हणून मी उठलो. आता शिट्टी वाजवणारं यंत्र लावलंय, टाकीवाल्या गॅससाठीचं, म्हणून जमिनीपासून वीतभर उंचीवर. बसवणारा भाऊ छताला लावत होता, त्याला थांबवलं. आजीचं म्हणणं, मांजरच बरं होतं.

धागाकर्ती
काका, तुमचं "लागलेला दिवा बंद करणंही वाईट" मी घरात वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "मग, मी काय सांगत होते?" काल सिलिंडर आला तेव्हा त्यांनी तो आणणाऱ्या भाऊंना दारातच थांबवलं, टोपी काढायला लावली, वॉशर बघितला, कड्यावरचं तपासणीचं साल वाचायला लावलं, वजन करवून घेतलं. भाऊ म्हणाले, "मावशी, तुमच्याकडे यायचं तर अर्धा तास राखून ठेवावा लागतो." सासूबाईंनी त्यांना चहा दिला. दूध मीच तापवलं, रेग्युलेटर मीच बंद केला, आणि जाताना त्या तरीही एकदा वाकून बघून आल्या.