टीबीचा कोर्स आणि माला-डी: एकत्र चालतं का?

मुक्ता_को
बहिणीला फुफ्फुसाचा टीबी निघालाय, सहा महिन्यांचा कोर्स परवा सुरू झाला. ती रोज माला-डी घेते. अँटिबायोटिक चालू असलं की गर्भनिरोधक गोळी लागू पडत नाही म्हणतात. सगळ्याच अँटिबायोटिकचं असं आहे का? एक सकाळी, एक रात्री घेतली तर?

गोळीबाज_फार्मासिस्ट
सगळ्यांचं नाही. अमॉक्सिसिलिन, अझिथ्रोमायसिन, डॉक्सी, मेट्रोनिडॅझोल यांनी गोळीचा असर जात नाही. आतड्यातले जिवाणू मेले की गोळीही वाया, हा जुना समज तपासण्यांत टिकला नाही. फक्त गोळीनंतर तीन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्यायची.

टीबीच्या कोर्समधल्या रिफॅम्पिसिनची गोष्ट मात्र वेगळी. लघवी नारिंगी होते ती याच औषधाने. ते यकृतातली, हार्मोन मोडून टाकणारी एन्झाइम वाढवतं, आणि माला-डीत हार्मोन असतात मुळात चिमूटभर: इथिनिल इस्ट्रॅडिओल ०.०३ मिग्रॅ, लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिग्रॅ. ते भराभर संपतात. एन्झाइम चोवीस तास वाढलेली असतात, म्हणून सकाळ-रात्र करून काही साधत नाही. दोन महिन्यांनी कोर्समधलं पायराझिनामाइड हे औषध बंद होतं, रिफॅम्पिसिन शेवटपर्यंत असतं.

स्त्रीरोग_ओपीडी
टीबीच्या औषधाला हात लावू नका, बदलायची ती गर्भनिरोधक पद्धत. अंतरा इंजेक्शन (दर तीन महिन्यांनी १५० मिग्रॅ) किंवा तांबी, दोन्हींवर रिफॅम्पिसिनचा परिणाम होत नाही. टीबी ओटीपोटात किंवा गर्भाशयात असेल तर तांबी बसवत नाहीत. ताईंचा फुफ्फुसाचा आहे, तरी बसवणाऱ्या डॉक्टरांना सांगाच. सोय होईपर्यंत दर वेळी निरोध. आणि टीबीच्या डॉक्टरांना माला-डीबद्दल माहीत आहे ना? बऱ्याच जणी 'औषध चालू आहे का' विचारल्यावर ही गोळी धरतच नाहीत.

मुक्ता_को
नाही, सांगितलेलं नाही. उद्याच सांगते. कोर्स संपल्यावर लगेच माला-डी चालेल? आणि मध्ये निरोध फाटला तर आय-पिल?

स्त्रीरोग_ओपीडी
शेवटच्या डोसनंतरही एन्झाइम खाली यायला साधारण चार आठवडे लागतात, तेवढे दिवस निरोध हवाच. आय-पिलमध्येही लेव्होनॉर्जेस्ट्रेलच (१.५ मिग्रॅ), त्यामुळे तिचाही भरवसा कमी. अशा वेळी पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं सर्वांत खात्रीचं. ते जमण्यासारखं नसेल तर डॉक्टर दुप्पट, म्हणजे ३ मिग्रॅ, एकदम देतात. स्वतःच्या मनाने नको, त्याच दिवशी दाखवा.